गुणसूत्रांचा हिशेब : एक जास्त झाले तर काय बिघडते?



आज आपण लावतो त्या उसाच्या जातींत, एकेका पेशीत, साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. ज्वारीत २० आणि बाजरीत १४. तेव्हा ज्याची गुणसूत्रे जास्त तो जीव मोठा, असे म्हणावे तर ऊस माणसाच्या वर जाऊन बसेल! तसा काही नियम नाही, हे उघडच आहे.

पण खरे कोडे पुढेच आहे. माणसाच्या या ४६ गुणसूत्रांत एकाची भर पडली, तीही सर्वांत लहान गुणसूत्राची, तर जन्मलेल्या मुलाच्या चेहऱ्यापासून हृदयापर्यंत आणि बुद्धीपासून थायरॉइडपर्यंत सगळीकडे फरक पडतो. इकडे ऊस मात्र शंभरावर गुणसूत्रे अंगावर वागवतो. त्यांची संख्याही जातीजातीत वेगळी, जोड्याही धड जुळलेल्या नाहीत. तरी गडी बारा-चौदा महिने खुशाल वाढतो आणि टनावारी साखर देतो. माणसाला एक जड जावे आणि उसाला शंभर हलकी वाटावी, हे कसे?

हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. ऊस हे आपले पीक आहे म्हणून तो आपला आहेच. शिवाय एक गुणसूत्र जास्त घेऊन जन्मलेली मुले आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या आयांना ग्रहणापासून पूर्वजन्मापर्यंत काय काय ऐकून घ्यावे लागते, तेही आपण जाणतो. शास्त्र याविषयी काय सांगते ते सावकाश समजून घेऊ. दोन-चार नवे शब्द येतील, पण वाचकांनी बिचकू नये.

१. गुणसूत्र, जनुक आणि प्रथिन

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. त्यांनाच इंग्रजी शाळेत क्रोमोसोम म्हणतात. या धाग्यावर ओळीने जनुके, म्हणजे जीन, असतात. बहुतेक जनुकांत एकेक प्रथिन कसे तयार करावयाचे याचा आदेश लिहिलेला असतो.

कारखान्याची उपमा घेऊ. मूळ नकाशे कचेरीच्या कपाटात कुलूपबंद असतात. ते बाहेर जात नाहीत. काम निघाले की नकाशाची नक्कल काढून ती वर्कशॉपकडे पाठवतात आणि तिथले कारागीर तीवरून वस्तू घडवतात. पेशीत कपाट म्हणजे केंद्रक, मूळ नकाशा म्हणजे जनुक, नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए आणि घडलेली वस्तू म्हणजे प्रथिन. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या आणि त्यावरून किती प्रथिन झाले, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. साध्या भाषेत, जनुक किती बोलले ते.

बहुतेक जिवांत गुणसूत्रे जोडीने असतात. जोडीतले एक आईकडून आलेले, दुसरे बापाकडून. आपल्या ओळखीच्या काही पिकांचा हिशेब असा आहे :

बाजरी १४, हरभरा १६, ज्वारी २०, मका २०, भात २४
देशी कापूस २६, अमेरिकन कापूस ५२
खपली गहू २८, नेहमीचा चपातीचा गहू ४२
केळी ३३, हळद ६३

या आकड्यांकडे नीट पाहा. देशी कापसाच्या बरोबर दुप्पट अमेरिकन कापूस. खपलीत सात-सातांचे चार संच, तर चपातीच्या गव्हात सहा. केळीत अकरांचे तीन, म्हणून खाण्याच्या केळ्यात बी धरत नाही आणि आपण मुनवे लावतो. हळदीचेही तसेच. म्हणजे अख्खे संचच्या संच वाढणे ही वनस्पतींत नेहमीची गोष्ट आहे. तिला बहुगुणितता म्हणतात. त्याने झाड बिघडत नाही. पुष्कळदा ते धिप्पाड होते.

बिघाड होतो तो संच पुरा न वाढता एखाददुसरे गुणसूत्रच वाढले किंवा घटले तर. याला शास्त्रात ॲन्युप्लॉइडी असे नाव आहे. एका जोडीच्या जागी तीन गुणसूत्रे झाली तर ती ट्रायसोमी, आणि एकच उरले तर मोनोसोमी.

२. बैलगाडीचा दाखला

आता तुम्ही विचाराल, सगळीच दुप्पट झाली तर चालते आणि एक वाढले तर चालत नाही, हा कुठला न्याय? हे समजण्यासाठी बैलगाडी करणाऱ्या सुताराच्या अंगणात चला.

एका गाडीला दोन चाके, एक आस, एक साटा आणि एक जू लागते. प्रत्येक कामाला वेगळा कारागीर आहे. आता सगळ्याच कामांवरची माणसे दुप्पट केली, तर एका गाडीच्या जागी दोन गाड्या तयार होतील. लाकूड जास्त लागेल, जागा मोठी लागेल, पण अंगणात काही उरणार नाही. हे झाले अख्खा संच वाढण्याचे.

दुसरी तऱ्हा बघा. फक्त चाके करणारा कारागीर वाढवला, बाकीचे होते तेवढेच ठेवले. गाडी एकच होणार आणि दोन चाके नुसती पडून राहणार. लाकूड गेले, मजुरी गेली, अंगणात अडगळ झाली. जाणारा-येणारा तिला अडखळतो आणि ती उचलून टाकायला आणखी एक गडी लावावा लागतो. वाढवला एक माणूस, पण घोटाळा सबंध अंगणात.

पेशीतील कितीतरी प्रथिने अशी गाडीच्या भागांसारखी असतात. ती एकेकटी काम करीत नाहीत. ठराविक प्रमाणात एकमेकांना जोडून त्यांचे यंत्र बनते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन घ्या. त्यात आल्फा जातीच्या दोन साखळ्या आणि बीटा जातीच्या दोन. बीटा थॅलसेमिया या आजारात गुणसूत्रांची संख्या ठीक असते, पण बीटा साखळ्या कमी पडतात. जोडीदार न मिळालेल्या आल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि तांबड्या पेशीचाच नाश करतात. म्हणजे घात नुसता कमतरतेने होत नाही. उरलेल्या मालानेही होतो.

सगळ्या लेखाचा गाभा एवढाच आहे : पेशीला संख्येचे वावडे नाही, तिला तोल बिघडण्याचे वावडे आहे.

३. धोतऱ्याची साक्ष

हा तोलाचा विचार प्रथम नीट दिसला तो आपल्या बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्याच्या जातीत. अमेरिकेत अल्बर्ट ब्लेकस्ली नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२० च्या सुमारास या धोतऱ्यावर काम करीत होते. धोतऱ्यात गुणसूत्रांच्या १२ जोड्या. त्यांना शेतात काही विचित्र झाडे आढळली. कोणाचे बोंड वाटोळे, कोणाचे लांबट, कोणाचे काटे आखूड. तपासणी केल्यावर असे निघाले की या झाडांत २४ ऐवजी २५ गुणसूत्रे आहेत, आणि कोणते गुणसूत्र जास्त यावर बोंडाचा आकार ठरतो. बारा जोड्या, म्हणून बारा तऱ्हेची वेगळी झाडे. ती सगळी त्यांना मिळाली.

यावरून दोन गोष्टी कळल्या. पहिली, प्रत्येक गुणसूत्रावरचा ऐवज वेगळा आहे, म्हणून प्रत्येकाच्या वाढीचा परिणामही वेगळा. दुसरी, सगळे संच वाढलेले धोतऱ्याचे झाड धडधाकट राहते, पण एकच गुणसूत्र वाढलेले सहसा कमजोर निघते.

गव्हाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सिद्ध केली. अमेरिकेतील मिसुरी येथे अर्नेस्ट सिअर्स यांनी गव्हाची अशी रोपे तयार केली की ज्यांत एकेक जोडी पूर्ण गायब होती. अशी रोपे दुबळी झाली. मग त्यांनी गायब जोडीच्या जागी तिच्या चुलत जोडीची भर घातली. गव्हात तीन पूर्वजांचे संच असल्यामुळे अशा चुलत जोड्या असतात. भर घातल्यावर रोप पुष्कळसे सावरले. तोल परत आणला की पेशी सावरते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

४. पेशीवर ताण म्हणजे नेमके काय?

धोतऱ्याने परिणाम दाखवला, पण पेशीच्या आत काय चालते ते कळायला पुढे ऐंशी-नव्वद वर्षे जावी लागली. ते दाखवले यीस्टने. ज्या कारखान्यांत आसवनी आहे तिथे मळी आंबवून मद्यार्क करणारे हेच ते यीस्ट. त्यात १६ गुणसूत्रांचा संच असतो आणि ते प्रयोगशाळेत झटपट वाढते, म्हणून ते अशा अभ्यासाला सोयीचे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अँजेलिका अमॉन, एदुआर्दो टोरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक गुणसूत्र जास्त असलेली यीस्टची वाणे तयार केली आणि २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या काही वर्षांत आणखी तपशील हाती आला. त्याचा सारांश असा :

एक. जास्तीचे गुणसूत्र गप्प बसत नाही. त्यावरच्या जनुकांच्या नकला जवळजवळ दुप्पट निघतात. पेशीला "हे गुणसूत्र वरचे आहे, याच्या नकला काढू नका" असे ठरवता येत नाही.

दोन. त्या नकलांवरून प्रथिनेही तयार होतात. त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मात्र दुप्पट दिसत नाही. ही मुख्यतः गाडीच्या भागांसारखी, जोडून काम करणारी प्रथिने. ती तयार होतात, जोडीदार मिळत नाही, म्हणून पेशी ती मोडून टाकते. म्हणजे करण्याचाही खर्च आणि मोडण्याचाही खर्च.

तीन. प्रथिनाची साखळी तयार झाली की तिची नीट घडी घालावी लागते. त्यासाठी पेशीत मदतनीस प्रथिने असतात. कडक उन्हाच्या तडाख्यात पिकाची प्रथिने विस्कटू लागली की धावून येतात ती हीच मंडळी. जास्तीच्या मालाने ही मंडळी आधीच गुंतून पडतात. मग वरून उष्णतेचा किंवा औषधाचा मारा झाला की पेशी लवकर हात टेकते.

चार. अशा वाणांची वाढ मंदावते, आणि तेवढ्याच वाढीसाठी ती साखर मात्र जास्त खातात. उतारा कमी आणि खाणे जास्त, अशी त्यांची गत.

पाच. गुणसूत्र कोणतेही वाढवा, या वाणांत इतर गुणसूत्रांवरच्या शेकडो जनुकांचे बोलणेही एका ठराविक तऱ्हेने बदलते : वाढीची जनुके मंद आणि संकटाला तोंड देण्याची जनुके जोरात. दुष्काळ पडल्यावर घरात सणसमारंभ थांबवून दाणागोटा जपतात, तसे. यातला काही भाग वाढ मंदावल्यामुळेच दिसतो, असे पुढच्या संशोधनात आढळले. तरी पेशी तणावाखाली आहे हे त्यातून स्पष्ट होते.

यावर शंकेखोर माणूस म्हणेल, कशावरून हे प्रथिनांमुळे? नुसता लांब धागा सांभाळण्याचाच त्रास असेल! त्यांनी तेही पाहिले. तितकाच लांब, पण उंदराच्या व माणसाच्या डीएनएचा तुकडा यीस्टमध्ये घातला. यीस्टला ती भाषा वाचता येत नाही, म्हणून त्यावरून प्रथिने होत नाहीत. त्या यीस्टला असा त्रास झाला नाही. म्हणजे ओझे धाग्याचे नव्हे, त्यावरून निघणाऱ्या मालाचे. शिवाय २०१० साली असेही दिसले की नकोशी प्रथिने झपाट्याने मोडण्यास मदत होईल असा बदल एका जनुकात झाला, तर अशी काही वाणे पहिल्यापेक्षा बरी वाढतात. अंगणातली अडगळ लवकर हलली की काम पुढे सरकते.

याला एक उलटी बाजूही आहे. संकटच मोठे असेल, तर एखाद्या वेळी जास्तीचे गुणसूत्र उपयोगी पडते, कारण त्यावर नेमके त्या संकटाला उपयोगी जनुक असते. काही रोगकारक बुरशा औषधाला दाद देत नाहीत त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. कर्करोगाच्या घट्ट गाठींपैकी सुमारे ९० टक्के गाठींच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते. निरोगी पेशीला जे ओझे, त्याचाच या बंडखोर पेशी जुगारासारखा वापर करतात.

५. माणसातील सत्तेचाळिसावे गुणसूत्र

माणसात ४६ गुणसूत्रे आहेत हे नक्की ठरले ते १९५६ साली. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेवान यांनी ते दाखवले. तोपर्यंत पुस्तकांत ४८ छापले जात असे. पुढे तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमध्ये जेरोम लेजून, मार्थ गोतिए व रेमाँ त्यूरपँ यांनी दाखवून दिले की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाच्या जागी तीन असते. म्हणूनच २१ मार्च, म्हणजे तिसऱ्या महिन्याची एकवीस, हा दिवस जगभर या मुलांचा दिवस म्हणून पाळतात.

हे २१ वे गुणसूत्र सर्वांत लहान आहे. माणसाच्या प्रथिने घडवणाऱ्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी जेमतेम दोन-अडीचशे त्यावर आहेत. म्हणूनच ही मुले जगतात. मोठ्या गुणसूत्रांपैकी एखादे वाढले तर गर्भ सहसा तगतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा असा बिघाड सापडतो. त्या बाईने जड उचलले, पपई खाल्ली, असे दोष आपण देत बसतो. खरा हिशेब गर्भ राहण्याच्या वेळीच चुकलेला असतो.

दोनाची तीन गुणसूत्रे झाल्यामुळे त्यावरची बरीचशी जनुके साधारण दीडपट बोलतात. त्यांतली काही इतर जनुकांना हुकूम देणारी असतात, म्हणून त्यांच्यामागून दुसऱ्या गुणसूत्रांवरचीही बोलू लागतात किंवा गप्प होतात. एक उदाहरण घेऊ. शरीरात विषाणू शिरला की इंटरफेरॉन नावाची धोक्याची घंटा वाजते. ती ऐकणाऱ्या ग्राहकांची सहा जनुके आहेत, आणि त्यांतली चार या २१ व्या गुणसूत्रावरच आहेत. ऐकणारे कान जास्त झाल्यामुळे या व्यक्तींच्या शरीरात संकट नसतानाही घंटा वाजत असल्यासारखी स्थिती राहते. मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या द्रव्याचे मूळ जनुकही याच गुणसूत्रावर. त्यामुळे त्यांना विस्मरणाचा अल्झायमर आजार इतरांपेक्षा पुष्कळ लवकर गाठतो.

आता प्रश्न येतो, हे गुणसूत्र वाढते कसे? बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडीची वाटणी होते, एक इकडे आणि एक तिकडे. भावाभावांची वाटणी होताना एखादा बांध चुकून एकाच्याच नावावर चढावा, तसे कधी कधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रे एकाच बाजूला जातात. डाउन सिंड्रोमच्या शंभरांपैकी सुमारे ९५ मुलांत हेच घडलेले असते. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीजात होते, आणि त्याला कारण आहे. मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशींची वाटणी सुरू होऊन मध्येच थांबते आणि पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी पुरी होते. इतकी वर्षे जोडीला बांधून ठेवणारी प्रथिने वयाबरोबर सैल पडतात. म्हणून वय वाढेल तशी शक्यता वाढते. पस्तिशीत साधारण ३५० बाळंतपणांत एक, चाळिशीत १०० मध्ये एक. पण तरुण मातांची बाळंतपणे संख्येने जास्त, त्यामुळे अशी पुष्कळ मुले तरुण आयांच्याच पोटी जन्मतात.

यात आईचा दोष कोणता? काहीच नाही. ग्रहणात विळी हातात घेतल्याने गुणसूत्र वाढत नाही, आणि कोणाच्या नजरेनेही वाढत नाही. नात्यात लग्न केल्याने काही दुसरे सुप्त आजार वर येतात हे खरे, पण या वाटणीच्या चुकीचे कारण ते नव्हे. शंभरातल्या तीन-चार मुलांत २१ व्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तो आईकडून तसाच बापाकडूनही येऊ शकतो. म्हणून अशा मुलाची गुणसूत्र तपासणी एकदा करून घ्यावी आणि पुढच्या खेपेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ओझे आहे, पण ते हलके करता येते. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तो शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकतो. म्हणून जन्मल्यावर हृदयाची सोनोग्राफी करावी. थायरॉइड, कान आणि डोळे ठराविक काळाने तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे, तेव्हा अंगणवाडी सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली दाखला व सवलती मिळतात. मुख्य म्हणजे मुलाला लहानपणापासून बोलते, चालते, खेळते ठेवावे. ही मुले शिकतात. त्यांना वेळ जास्त लागतो, इतकेच.

६. मग ऊस हे ओझे कसे पेलतो?

आता पहिल्या कोड्याकडे येऊ. आपला ऊस हा दोन घराण्यांचा संकर आहे. एक गोड, जाड, ८० गुणसूत्रांचा ऊस. दुसरे नदीकाठी पांढरे तुरे मिरवणारे कासाचे रानगवत. ते गोड नसते, पण काटक असते. कोइमतूरला १९१२ साली सुरू झालेल्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी या दोहोंचा संकर केला आणि त्यातून १९१८ साली को २०५ ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. त्यात एक गंमत घडली. संकरात दोघांनीही आपली निम्मी गुणसूत्रे द्यावयाची असतात. पण गोड उसाने निम्मी न देता आपली ८० च्या ८० दिली आणि रानगवताने ६४ पैकी ३२. बेरीज ११२! उसाचा हा खाक्या जावा बेटात ब्रेमर यांनी १९२० च्या दशकात उलगडून दाखवला. आपल्याकडे अनेक वर्षे गाजलेल्या को ४१९ चे पूर्वज शोधू गेले तर जावाचीच पीओजे २८७८ ही जात भेटते. उसाच्या गुणसूत्रांवर कोइमतूरला काम करणाऱ्यांत डॉ. ई. के. जानकी अम्माळ (१८९७–१९८४) यांचे नाव आदराने घ्यावे लागते. ज्या काळी मुली शाळेत जाणे दुर्मिळ, त्या काळात त्यांनी ऊस आणि मका यांचासुद्धा संकर करून दाखवला.

अशा संकरांतून झालेल्या आजच्या उसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन नव्हे, तर दहा-बारा प्रती असतात; कोणाच्या आठ, कोणाच्या चौदा. हिशेब साफ जुळत नाही. म्हणजे ऊसही ॲन्युप्लॉइड आहे! तरी तो तगतो. याची कारणे दोन.

पहिले कारण प्रमाणाचे. माणसात दोनाची तीन झाली की वाढ निम्म्याने, म्हणजे ५० टक्के. उसात बाराची तेरा झाली तर वाढ आठ टक्के. दोन माणसांच्या भाकरीत तिसरा जेवायला बसला तर पंचाईत; बाराजणांच्या पंगतीत तेरावा सहज सामावतो. शिवाय एका जनुकाच्या बारा प्रतींपैकी सगळ्या सारख्या बोलत नाहीत. म्हणून प्रती वाढल्या म्हणजे साखर वाढली, असेही नाही.

दुसरे कारण लागवडीचे. गुणसूत्रांची वाटणी अवघड असते ती बी धरताना. आपण ऊस कांडीने लावतो. कांडीच्या डोळ्यातून येणारे रोप म्हणजे त्याच उसाचा पुढचा भाग; तिथे वाटणी नाही, सरळ नक्कल आहे. म्हणून अवघड बेरजेची जातही पिढ्यान्‌पिढ्या टिकते. याउलट तुऱ्याच्या बियांतून वाढवलेल्या रोपांत एकही दुसऱ्यासारखे निघत नाही. हजारो रोपांतून एखादे निवडायचे आणि वर्षानुवर्षे पारखायचे, तेव्हा कुठे को ८६०३२ किंवा पाडेगावची फुले २६५ यांसारखी जात हाती लागते.

हा गुंता इतका मोठा की भाताची जनुकीय लिपी २००० च्या दशकातच वाचून झाली, आणि उसाच्या लागवडीतल्या एका जातीची, रियुनियन बेटावरच्या आर ५७० ची, तपशीलवार लिपी प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले.

७. शेतात काय लक्षात ठेवावे?

खोडव्याचा उतारा घटला की "बेणे थकले, जात मोडली" असे आपण म्हणतो. गुणसूत्रांकडे बोट दाखवण्याआधी पाचट, खत, पाणी, नांग्या आणि रोग पाहावेत. कारण बहुधा तिथेच सापडते. गवताळ वाढ हासुद्धा सूक्ष्म जिवाणूसारख्या जंतूचा रोग आहे, गुणसूत्रांचा दोष नव्हे. असे बेट मुळासकट काढून टाकावे.

ऊतिसंवर्धित रोपे घेताना मात्र गुणसूत्रांचा विचार जरूर करावा. पेशींचा नुसता गोळा वाढवून त्यातून रोपे काढली, तर त्यांत गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त होते, हे हवाई बेटांवर हाइन्झ आणि मी या शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास दाखवले आहे. शेंड्याच्या अगदी टोकाच्या कोवळ्या भागापासून केलेल्या रोपांत हा धोका फार कमी. म्हणून रोपे खात्रीच्या संस्थेतूनच घ्यावीत, आणि त्यांच्या प्लॉटमध्ये पानाने, कांडीने किंवा उंचीने वेगळे दिसणारे बेट बेण्यासाठी ठेवू नये.

थोडक्यात :

– संचच्या संच वाढला तर तोल राहतो. एकच गुणसूत्र वाढले तर तोल जातो.
– जास्तीचे गुणसूत्र गप्प बसत नाही. त्याच्या नकला निघतात, प्रथिने होतात, आणि ती सांभाळण्याचा व मोडण्याचा ताण पेशीवर पडतो.
– ज्याच्या प्रती मुळात थोड्या, त्याला एकाची भर जड. ज्याच्या पुष्कळ, त्याला हलकी.
– डाउन सिंड्रोम हा वाटणीतला योगायोग आहे. त्यात आईचा, सुनेचा किंवा मुलाचा दोष नाही.

बाराजणांच्या पंगतीत तेरावा सामावतो, हे ऊस आपल्याला शिकवतो. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराची पंगत दोघांची राहिली तर भार दोघांवरच पडेल. भावकी, शेजार, शाळा आणि गाव त्या पंगतीला बसले, तर तो भार वाटला जाईल. आणि वाटून घेणे यालाच आपण सहकार म्हणतो.